मोठा मास्टर सिलिंडर लावला की ब्रेक जास्त लागतो? नाही, उलटं आहे

जुन्या यामाहा आरएक्स १०० बाइकला डिस्क ब्रेक बसवताना मोठ्या बाइकचा मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबला की पिस्टनने ब्रेकचं तेल ढकलणारा भाग) टाका, ब्रेक दुप्पट लागतो, असा मेसेज फिरतोय आणि पोरं खरंच तसं करतायत म्हणून लिहितोय. मास्टर सिलिंडरमधल्या ११ एमएम पिस्टनचा एरिया साधारण ९५ चौरस मिमी, १४ चा १५४, म्हणजे कॅलिपर (चाकाजवळ डिस्क आवळणारा भाग) आणि लिव्हर तसाच ठेवून बोटांनी तेवढाच जोर लावला तर प्रेशर जवळजवळ ३८ टक्के कमी मिळतं. लिव्हर कडक लागतो आणि त्या कडकपणालाच लोक पॉवर समजतात. मीही हे केलं होतं, पावसात उतारावर चारही बोटं आवळून गाडी सरकतच राहिली, काळजात धस्स झालं.

क्लचचंही तेच. "हलका" म्हणून विकतात त्या लिव्हरमध्ये पिव्होटच्या बोल्टपासून (ज्यावर लिव्हर फिरतो) केबलच्या टोकाच्या गोळीपर्यंतचं अंतर कमी असतं, त्यामुळे केबलही कमी ओढली जाते, क्लच पूर्ण सुटत नाही आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. लिव्हर घेताना जुना सोबत न्या, पट्टी लावून अंतर जुळवा. आणि क्लच जड वाटत असेल तर आधी केबल बदलून बघा राव, बऱ्याचदा तीच आतून गंजलेली असते.