बसच्या दाराबाहेरची जागा

आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर सकाळी सातच्या सुमारास शाळेची पिवळी बस थांबते. दार उघडते, मदतनीस ताई खाली उतरून मुलांना हात देतात आणि नेमके त्याच वेळी बस व पदपथ यांच्यामधल्या दोन-अडीच फुटांतून एखादा दुचाकीस्वार सुळकन निघून जातो. परवा अशाच एकाच्या आरशात माझ्या नातीच्या दप्तराचा पट्टा अडकला. नशिबाने लगेच सुटला. त्याला हटकले, तर "काका, बसवाल्याने बस कडेला घ्यायला नको का?" असे मलाच ऐकवून तो गेला.

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, त्याविषयी पुढे सांगतो. पण शाळेच्या बसची सुरक्षितता म्हटले की आपण सगळे बसवाल्याकडेच बोट दाखवतो. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये दिल्लीच्या वाहतुकीच्या प्रकरणात दिलेले निर्देश घ्या, त्यांत वेगनियंत्रक, ताशी 40 किलोमीटरची मर्यादा आणि चालकाला अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव अशा अटी आहेत. महाराष्ट्राने 2011 मध्ये स्वतंत्र नियमावली केली आणि शाळाशाळांत परिवहन समित्या आल्या. हे सारे आवश्यकच आहे, मात्र त्याचा रोख बस, चालक आणि शाळा यांच्यावर आहे. बसच्या मागून आणि समोरून येणाऱ्या आपल्यासारख्यांनी काय करायचे, हे मला तरी लायसन्स काढताना कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

अमेरिकेत शाळेची बस लाल दिवे लुकलुकवत थांबली आणि तिच्या कडेचा 'स्टॉप' फलक बाहेर आला, की मागच्या वाहनांना थांबावेच लागते आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरच्यांनाही. त्यामागचे कारण साधे आहे. मुलाला खरा धोका बसमध्ये बसलेले असताना कमी आणि चढता-उतरताना अधिक असतो. उंच आसनावरच्या चालकाला बसच्या अगदी पुढ्यात पाण्याची बाटली उचलायला वाकलेले मूल दिसत नाही, आणि बसला ओलांडून जाणाऱ्याला तर ते बसच्या आडून बाहेर येईपर्यंत दिसतच नाही. ताशी 40 किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला सुमारे 11 मीटर जाते, म्हणजे ब्रेकवर पाय पडेपर्यंत जवळजवळ एका बसची लांबी कापली जाते.

म्हणून वाहन चालवणाऱ्या मित्रांना विनंती आहे, की पिवळी बस थांबलेली दिसली तर तिच्या मागे थांबा, डावीकडून तर मुळीच घुसू नका, आणि समोरून येत असाल तर वेग इतका कमी करा की जागच्या जागी थांबता येईल. मागून हॉर्न वाजवून बिचाऱ्या ताईंची घाई करू नका.

आता त्या दुचाकीस्वाराच्या प्रश्नाविषयी. बस कडेला घेता येत नव्हती, कारण पदपथालगत सोसायटीतल्याच मोटारी उभ्या होत्या. सोमवारपासून सकाळी ती जागा मोकळी ठेवायची, असे रविवारच्या बैठकीत ठरले आहे. फाटकाशेजारची पहिली मोटार माझीच असे.