आपल्या पिशवीची गाठ कोण सोडतं?

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज वाचला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाहीये. सेक्रेटरींनी परत एकदा हात जोडून सांगितलं होतं की ओला-सुका कचरा वेगळा द्या. त्यावर एका गृहस्थांचं उत्तर, "आम्ही महिन्याचे पैसे देतो ना, मग वेगळं करायचं काम त्यांचं. आम्ही ऑफिसला जायचं की कचरा निवडत बसायचं?" आणि खाली अंगठ्यांची रांग.

तिथे लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, आणि लिफ्टमध्ये रोज तोंडं बघायची असतात. म्हणून इथे लिहितेय, इथे आपली माणसं आहेत.

निवडत बसायचं म्हणे! अहो, निवडावा लागतो तो एकत्र केल्यावर. मुळातच वेगळा टाकला तर निवडायचं काय? सालं, चहाचा चोथा, खरकटं एका डब्यात. कागद, पुठ्ठा, प्लास्टिक दुसऱ्यात. पॅड आणि डायपर पेपरात गुंडाळून वर लाल पेनाने ठसठशीत ठिपका काढून वेगळे. एवढंच. हे कोणाचं फॅड नाहीये, 2016 च्या घनकचऱ्याच्या नियमांपासून देशभर प्रत्येक घरावर बंधनकारक आहे.

आमच्या बिल्डिंगचा कचरा ज्या मावशी नेतात त्यांची गोष्ट सांगते. दिवाळीच्या आवराआवरीचे दिवस होते. मी गाडी काढायला पार्किंगमध्ये गेले तर मावशी एक काळी पिशवी सोडवत होत्या. गाठ इतकी घट्ट की सुटेना, शेवटी त्यांनी पिशवी बाजूने फाडली आणि आत हात घातला. आत आदल्या दिवशीची कढी, भात आणि त्यातच फुटलेल्या लोणच्याच्या बरणीची काच. तळहातावर आडवी चीर. मावशी ओरडल्यासुद्धा नाहीत. गाड्या धुवायच्या नळाखाली हात धरला, पदर गुंडाळला आणि दुसऱ्या हाताने पुढची पिशवी ओढली. मी म्हटलं मावशी चला आधी डॉक्टरकडे, तर म्हणाल्या, "आज ऱ्हायलं तर उद्या डबल पडतंय ताई, सणाचा कचरा हाय." जबरदस्तीने नेलं शेवटी. टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. आणि दुसऱ्या दिवशी पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधून बाई कामावर हजर.

ती काच कोणाच्या घरची होती मला माहीत नाही. ज्याची होती त्यालाही पत्ता नसणार. पिशवी बांधली, दाराबाहेर ठेवली, दार लावलं, विषय संपला. फुटलेली काच जाड पेपरात गुंडाळून वर "काच" लिहायला किती वेळ लागतो हो? आणि मावशींना अक्षर लागत नसेल तर सकाळी दारात उभं राहून तोंडाने सांगा, "मावशी, यात काच आहे." दोन शब्द!

आता कोणीतरी म्हणेलच, हातमोजे का घालत नाहीत. घालतात. पण जाड मोजे घालून तुमच्या त्या गाठी सुटत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि पैसे देतो पैसे देतो काय, त्यांची बरीचशी कमाई कशावर असते माहितीये का? सुक्या कचऱ्यातलं जे भंगारात विकलं जातं त्यावर. आमटीत भिजलेला पुठ्ठा कोणी घेत नाही. दह्याने लडबडलेला डबा कोणी घेत नाही. म्हणजे आपण ओलं-सुकं एकत्र करतो तेव्हा त्यांचं काम वाढवतोच, वर हातातोंडाशी आलेले पैसेही मातीत घालतो. पुण्यात कचरा वेचणाऱ्या या बायका 1993 मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' या संघटनेत एकत्र आल्या, त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली, ओळखपत्र मिळालं, दारोदार मानाने येता यायला लागलं. इतकं सगळं लढून मिळवलं त्यांनी आणि आपण काय देतो, तर कढीत बुडवलेली काच.

मान्य, कंपन्यांनी ही पाकिटं बनवणं बंद केलं तर निम्मा प्रश्न सुटेल. वेफर्सच्या त्या चकचकीत पाकिटात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर असे चिकटवलेले असतात की भंगारवाला ते हातात पण धरत नाही. आणि हो, कधीकधी वेगळा दिलेला कचरा पुढे जाऊन गाडीत एकत्र होतो, तेही बघितलंय. म्हणून आपण घरात एकत्र करायचा? गाडीवाल्याला जाब विचारायचा तर आधी आपला डबा तरी नीट हवा ना.

हा मिक्स कचरा जातो कुठे याचा विचार करा एकदा. पुण्याजवळच्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी वर्षानुवर्षं आपल्या पुण्याचा कचरा सोसला, त्यांच्या विहिरींचं पाणी नासलं, कंटाळून त्यांनी गाड्या अडवल्या तेव्हा आपण काय म्हणालो, तर शहरात कचरा साठलाय, वास येतोय. चार दिवस वास आला तर आपल्याला झेपेना. मुंबईकरांना 2016 च्या जानेवारीतली देवनारच्या कचरा डेपोची आग आठवत असेल, धुरामुळे महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. ढिगाखाली हवा पोचत नाही, मग तिथे सडणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि तो पेट घेतो. म्हणजे तुमच्या-माझ्या घरची कोबीची पानं आणि उरलेली पोळीच ती. तीच पानं बादलीत मातीत गेली असती तर खत झालं असतं.

असो. नुसतं ओरडून उपयोग नाही. ज्यांना खरंच करायचंय त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे काय करतो ते.

सिंकमध्ये एक भोकांचं स्टीलचं भांडं, खरकटं आधी त्यात निथळतं आणि मग डब्यात जातं. पाणी गेलं की वास अर्ध्यावर येतो आणि मावशींना उचलायचं ओझंही कमी. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, चीर द्यायची फक्त, तुकडा पिशवीलाच लटकत राहू दे. तो सुटा झालेला बारीक तुकडा कोणी वेचत नाही, सरळ गटारात जातो. रिकामी पिशवी भांडी घासतानाच खळबळून ओट्यामागच्या टाइल्सला चिकटवायची, संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळते. आरओचं वाया जाणारं पाणी नळी लावून बादलीत, ते फरशी पुसायला. भाजीची कापडी पिशवी दारामागच्या खिळ्याला आणि एक गाडीच्या डिकीत कायमची. 2018 ला प्लास्टिकबंदी झाली तेव्हा दंडाच्या भीतीने अख्खं पुणं कापडी पिशव्या घेऊन मंडईत फिरत होतं, जमत होतं ना तेव्हा सगळ्यांना? आता भाजीवाल्याने दोन मिरच्यांना पण पिशवी दिली तरी आपण मुकाट घेतो.

आणि एक गोष्ट, माझ्या मैत्रिणींना कळेल. हे सगळं घरातल्या बाईच्याच गळ्यात पडतं. दुधाची पिशवी तिनेच धुवायची, डबा तिनेच लावायचा आणि कोणी चुकीच्या डब्यात टाकलं की तिनेच उचलून दुसऱ्यात टाकायचं. ग्रुपवर "आम्ही निवडत बसायचं का" विचारणाऱ्या गृहस्थांनी घरचा डबा शेवटचा कधी बाहेर ठेवला, ते त्यांच्या बायकोला विचारायला हवं. पुरुषांनो, तुमच्या घरातले दोन डबे आजपासून तुमची जबाबदारी घ्या. मुलांना शाळेत प्रोजेक्ट असतो यावर, पृथ्वी वाचवाचे तक्ते रंगवतात बिचारी, त्यांना बाबा ओला डबा धुताना दिसू देत.

मावशींच्या तळहातावर तो व्रण अजून आहे. थंडीत ठणकतो म्हणतात, पिशवी ओढताना जोर लागत नाही त्या हातात. आणि तरी मी दारात दिसले की त्याच माझी विचारपूस करतात, "ताई, आज उशीर झाला का?" एवढी माया कुठून येते या माणसांत मला खरंच कळत नाही. आपण त्यांना साधा वेगळा डबा देऊ शकत नाही?

ज्यांना घरी खताची बादली लावायचीय त्यांनी मेसेज करा. तळाला बाजूने भोकं पाडलेली जुनी बादली, वाळका पालापाचोळा नाहीतर कोकोपीट, आणि थोडं आंबट ताक एवढं जमवा. विरजणाला आमच्याकडचं तयार खत मी देते, रविवारी सकाळी घरीच आहे. न्यायला डबा तुमचा आणा.