समोरची पार्टी

आज एका डोहाळजेवणाला गेले होते. ओटी भरून झाली, फोटो झाले, आम्ही जेवायला बसलो. आमच्या टेबलावर एकीने जिलबी मोडता मोडता सांगितलं, "दोन वर्षं झाली, पोरीचं तोंड बघू दिलं नाही मी त्याला. कोर्टाची ऑर्डर आहे ना शनिवारची, आम्ही दर शनिवारी आजारी!" बायका हसल्या. एक म्हणाली, बरी जिरवलीस. पोरगी टेबलाच्या टोकाला बसली होती, सात-आठ वर्षांची, मठ्ठ्याचा ग्लास तोंडाला लावून. ऐकत होती. कारण ग्लास तोंडाला तसाच होता आणि मठ्ठा कमी होत नव्हता.

डोकं फिरलंय. साडीसुद्धा बदललेली नाही, लिहायला बसलेय.

मी वकील नाही. पण ताईच्या केसमध्ये चार वर्षं फॅमिली कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात. ताईला शनिवारी सुट्टी नसायची, म्हणून भाच्याला त्याच्या वडिलांना भेटवायला मी न्यायचे. पहिला आणि तिसरा शनिवार, ११ ते १. कोर्टातच मुलांसाठी एक खोली होती. भिंतीवर जिराफ, कोपऱ्यात चाकं निघालेल्या गाड्या. त्याला तिथे सोडायचं, रजिस्टरमध्ये सही करायची आणि बाहेर बाकावर बसायचं. तेव्हा तो सात वर्षांचा होता. आता कॉलेजात आहे आणि फेसबुकला म्हाताऱ्यांचं गाव म्हणतो, म्हणून निवांत लिहितेय.

तर तो एक वाजता बाहेर यायचा तेव्हा शर्ट पुढून ओला असायचा. दर वेळी. मला वाटायचं पाणी सांडतो, वेंधळा आहे. दोन-चारदा ओरडलेसुद्धा.

आधी दुसरं लिहिते, मग शर्टाकडे येते.

"ताबा" हा शब्द ऐकलात का कधी नीट? फ्लॅटचा ताबा, दुकानाचा ताबा, पोराचा ताबा. चावी हातात आली की संपलं. बरं, ज्या कायद्याखाली अर्ज करतात त्यातला एक १८९० चा आहे, इंग्रजांच्या काळातला. त्यातसुद्धा पोराचं कल्याण आधी बघा असंच लिहिलंय, पण वाचतंय कोण. १९५६ च्या कायद्यात हिंदू पोराचा नैसर्गिक पालक बाप, "आणि त्याच्यानंतर" आई. पाच वर्षांखालचं मूल मात्र सर्वसाधारणपणे आईकडे. म्हणजे शी-शू आईने काढायची आणि सही बापाची! त्या "त्याच्यानंतर"वर लेखिका गीता हरिहरन कोर्टात भांडल्या. मुलाच्या नावावर रिझर्व्ह बँकेचे बाँड घ्यायला गेल्या, तर बँकेला बापाची सही हवी होती. १९९९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, "नंतर" म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, तो लक्ष घालत नसेल तरी आईच पालक. मला त्या निकालाचा फार अभिमान आहे. पण त्या भांडल्या त्या आईला जागा मिळावी म्हणून. बापाला टाळायला दर शनिवारी पोराला ताप आणण्यासाठी नाही.

आता लगेच कमेंटमध्ये याल, म्हणून आधीच लिहिते. मारहाण असेल, दारू असेल, मूल घाबरत असेल तर भेट नकोच, निदान एकट्याने तरी नको. मान्य. पोटगी बुडवून शनिवारी फुगे घेऊन येणारे बापही त्याच खोलीत बघितलेत. तेही मान्य. आणि उलटंही बघितलंय. एका बापाने पोरगा गावी लपवलेला, आई दर तारखेला डबा घेऊन यायची आणि डबा तसाच घेऊन परत जायची. चार वेळा मी तो डबा बघितला, स्टीलचा, वर रुमाल बांधलेला. त्या बापालाही हेच सगळं लागू आहे. बस, झालं बोलून.

आमच्या भाऊजींनी ताईला कधी बोट लावलं नाही. माणूस चिकट होता, आईच्या शब्दाबाहेर नव्हता आणि ताईला त्या घरात श्वास घेता येत नव्हता. ती निघाली, बरोबर केलं, आजही म्हणेन. पण निघाल्यावर आमच्या घरात भाऊजी हा शब्दच बंद झाला. वकीलबाई म्हणायच्या "समोरची पार्टी", मग आम्हीही म्हणायला लागलो. पोरासमोर! समोरच्या पार्टीने उत्तर दिलं का, समोरची पार्टी तारखेला आली का. एकदा त्याने मला विचारलं, "मावशी, पार्टीला केक असतो का?" आम्ही हसलो होतो. आज त्या जिलबीवाल्या बायका हसल्या ना, अगदी तसंच.

शर्ट.

एकदा मी पाणी प्यायला आत गेले, तर हा बेसिनपाशी टाचा उंचावून तोंड धूत होता. घासून घासून. भाऊजींनी चॉकलेट आइस्क्रीम आणलं होतं. मी म्हटलं, अरे किती घासतोस? तर म्हणाला, "वास येईल ना." घरी गेल्यावर आई विचारते काय खाल्लं, आणि मग ती जेवत नाही, हे त्याने जोडून ठेवलं होतं. सात वर्षांचं पोर दर पंधरा दिवसांनी आपला आनंद बेसिनमध्ये धुऊन माझ्याबरोबर रिक्षात बसत होतं.

आणि रिक्षात मी काय करत होते? उलटतपासणी. आज कोण आलं होतं? आजी होती? बाबा काय म्हणाले? तो मला क्रिकेट सांगायचा, कोणी किती काढले ते. एकदाच चुकून म्हणाला, "आजी नव्हती. बाबा सारखे फोनवर होते, मी एकटाच गाडी खेळलो." मी ते ताईला सांगितलं. ताईने वकीलबाईंना. पुढच्या तारखेच्या अफिडेव्हिटमध्ये परिच्छेद १४: समोरची पार्टी भेटीच्या वेळेत मोबाइलमध्ये व्यग्र असते व अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) मुलाकडे दुर्लक्ष करते. मे महिन्यात पोराला आठ दिवस घरी न्यायचा त्यांचा अर्ज होता, तो लांबला.

फोन हॉस्पिटलचे होते. आजी ॲडमिट होती. त्या मे महिन्यात तो आजीकडे गेला नाही, आणि पुढच्या मे महिन्यात आजी नव्हती.

हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

कोर्टाला शिव्या देणं सोपं आहे, मीही दिल्यात. तारखा लांबतातच. पण जजसाहेबांनी त्याला चेंबरमध्ये घेऊन प्रेमाने विचारलं होतं, कोणाकडे राहायचं बाळा? म्हणाला, "माझी बाटली बाहेर राहिलीय." कोणता कायदा काय करणार त्या पोराचं? २०१५ साली लॉ कमिशनने दोघांनी मिळून पालकत्व सांभाळायची तरतूद सुचवली, अहवाल क्रमांक २५७, आणि कायदा अजून तिथेच आहे. २०२० साली सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये म्हटलं की मुलाला दोघांचंही प्रेम मिळण्याचा हक्क आहे, भेट होत नसेल तर व्हिडिओ कॉल तरी होऊ द्या. हक्क मुलाचा आहे. जिलबीवाल्या बाईचा नाही आणि समोरच्या पार्टीचाही नाही. हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले होते, कुकरच्या तीनाच्या सहा शिट्ट्या झाल्या.

राग उतरला बहुतेक लिहिता लिहिता. त्या बाईवर पण आता तेवढा नाही. तिच्या नवऱ्याने काय केलं, मला काय माहीत. पण ती पोरगी डोळ्यासमोरून जात नाहीये. जेवण झाल्यावर आई गप्पा मारत होती, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काकू, आज शनिवार आहे ना?" मी म्हटलं, हो. ती परत जाऊन बसली.

आणि मी काय केलं? काही नाही. विडा घेतला, छान झाला हो कार्यक्रम म्हटलं आणि घरी येऊन इथे शूरपणा करतेय.

ताई, तू हे वाचणार आहेसच. परिच्छेद १४ मधलं माझंच होतं, तुझं नाही. रागावायचं असेल तर फोन करून रागाव, कमेंटमध्ये नको, इथे काकू लोक आहेत.