साबणाने धुतलेली नळी

नर्सिंगवरच्या एका लेखात म्हटलंय, या कामातली सक्षमता म्हणजे पदवी, नोंदणी आणि प्रशिक्षणाचे तास. मान्य. पण नर्सिंगच्या अमेरिकन अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत ज्या 5 पायऱ्या सांगितल्या, त्यांत 'सक्षम' ही तिसरी. तिथे पोचायला एकाच तऱ्हेच्या कामात 2-3 वर्षं जातात.

रत्नागिरीकडे एका सरकारी दवाखान्यात मी नोकरी केली. फुरसं (विषारी साप) चावल्याची शंका असली की 2 मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी कलती करून बघायची. गोठलं नाही तर विष भिनलंय. एकदा नव्या पोरीने नळी साबणाने धुऊन घेतली (तशा नळीत चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही). रक्त गोठलं नाही. नातेवाईक 'लस द्या, लस द्या' (म्हणजे विषावरचा उतारा) म्हणून डोक्यावर. मोठ्या सिस्टरांनी आधी पेशंटच्या हिरड्या बघितल्या, सुई टोचलेली जागा बघितली. विष भिनल्यावर येतं तसं रक्त कुठेच येत नव्हतं. डॉक्टरांना सांगून कोऱ्या नळीत पुन्हा रक्त घेतलं. 20 मिनिटांनी घट्ट गोठलेलं!

पोरीला एवढंच म्हणाल्या, "काय गो, चहाच्या कपांबरोबर घासलीस नळी?" आणि रात्रभर तीच टेस्ट पुन्हा पुन्हा तिच्याकडूनच करून घेतली.