माळढोक, कंदीलपुष्प आणि 'तिकडचा' कायदा

माळढोकाचा विषय निघाला की महाराष्ट्रात एक वाक्य हटकून येतं: 'अमेरिकेत बघा, तिथे रोपट्यालाही कायदा आहे.' आहे, पण अर्धा. तिथला १९७३ चा संकटग्रस्त प्रजाती कायदा प्राण्याला खासगी जमिनीवरही सांभाळतो. वनस्पतीला मुख्यतः केंद्र सरकारच्या जमिनीवर. स्वतःच्या कुंपणाआड कुणी यादीतलं रोप उपटलं, तर राज्याचा एखादा कायदा मोडला असेल तरच गुन्हा. पाखरू सगळ्यांचं, झाड मात्र जमीनमालकाचं, असा हा जुना विलायती न्याय.

आपलंही फार वेगळं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वनस्पती आल्या १९९१ च्या दुरुस्तीने, त्याही तेव्हा सहाच नोंदींपुरत्या. यादीतली रोपं उपटायला बंदी घालणारं कलम १७अ चालतं वनजमिनीवर आणि केंद्राने अधिसूचित केलेल्या क्षेत्रात. पहिल्या अनुसूचीतला माळढोक ज्वारीच्या रानात उतरला तरी संरक्षण त्याच्यासोबत उतरतं.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची लाल यादी, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींची जागतिक यादी, प्राणी-वनस्पती असा भेद करत नाही. प्रौढ पन्नासहून कमी तर अतिसंकटग्रस्त, अडीचशेहून कमी तर संकटग्रस्त, हे मोजमाप दोघांना एकच. गफलत होते मोजताना. सड्यावरचं, म्हणजे कातळपठारावरचं, कंदीलपुष्प (सेरोपेजिया, कंदिलासारख्या फुलांची वनस्पती) पावसाळ्यात वर येतं, एरवी नुसता कंद जमिनीत. एप्रिलच्या पाहणीत शून्य दिसेल. मोजणी फुलोऱ्यातच हवी, तीही सलग काही वर्षं, आणि फुलण्याच्या वयाचीच रोपं धरून. म्हणून नुसता दर्जा वाचून भांडू नये, त्यापुढचं अक्षर बघावं: 'ए' म्हणजे घट, 'बी' म्हणजे आक्रसलेला प्रदेश, 'सी' म्हणजे थोडे आणि घटते, 'डी' म्हणजे मुळातच मोजके.

वर्गीकरणाचा वाद मात्र मला फुकाचा वाटतो. माळढोक क्रौंचांच्या गणातून स्वतंत्र गणात गेला, कंदीलपुष्पाचं रुईकुल करवीरकुलात विलीन झालं. त्याने धोका तसूभर बदलला नाही. प्रजाती फोडली किंवा जोडली तरच मोजणी पुन्हा करावी लागते.

मागायचंच असेल तर जैवविविधता कायदा, २००२ मधलं कलम ३७ मागा. त्याखाली राज्य सरकार स्थानिक संस्थांच्या सल्ल्याने एखादी जागाच वारसास्थळ म्हणून जाहीर करू शकतं. कंदीलपुष्पाला तेच हवं. कंद रोपवाटिकेत वाढेल, पण परागीकरण करणाऱ्या बारीक माश्या सड्यावरच असतात.