लहान रिंग म्हणजे जास्त गुण? तसं नाही

१० मीटर एअर रायफलच्या नेमबाजांत एक सल्ला फिरतोय: फ्रंट साइटमध्ये (नळीच्या पुढच्या टोकावरच्या, नेम धरायच्या भागात) मिळेल तेवढी लहान रिंग, म्हणजे ज्यातून लक्ष्य बघतात ती गोल कडी, घाला; गुण आपोआप वाढतील. हे चूक आहे.

हिशेब असा मांडतात की लक्ष्याच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ०.५ मिमीचं, मग रिंगही घट्टच हवी. पण त्या ठिपक्यावर नेम कुणी धरतच नाही. नेम असतो ३०.५ मिमीच्या काळ्या गोलावर, आणि डोळा जोखतो ती त्याच्या आणि रिंगच्या मधली पांढरी कड. ती सगळीकडून सारखी दिसली की झालं. रिंग फार आवळली तर ही कडच हरवते. रायफल जरा हलली की काळा गोल रिंगच्या काठात मिसळतो, चित्र स्थिरावायची वाट बघत नेम लांबतो, डोळा थकतो आणि शेवटी ट्रिगर हिसकला जातो. (मग त्याच नेमबाजाला ‘ट्रिगर बदल’ म्हणून सांगणारेही भेटतात!)

नवशिक्यांनी मोठ्या रिंगपासूनच सुरुवात करावी. फिरवून व्यास बदलता येणारी रिंग घेतली, तर रेंजवर उभ्या उभ्या फरक पडताळता येतो.