नाक दाबलं, तोंड उघडलं

परवा संध्याकाळी सहा अठ्ठावीसच्या कल्याण फास्टमध्ये मी स्वतःचं नाक दाबलं. नाक माझं, बोटं माझी. यात दुसऱ्या कुणाचा काही संबंध येतो असं मला अजूनही वाटत नाही.

का दाबलं ते पटकन उरकतो. माझ्या भाच्याला स्वप्नात उडता येतं. स्वप्न चालू असतानाच त्याला कळतं की हे स्वप्न आहे, आणि मग तो हवं ते करतो. याला ल्युसिड ड्रीम म्हणतात. हे नाव १९१३ साली फ्रेडरिक व्हॅन एडन नावाच्या डच मनोविकारतज्ज्ञानं रुळवलं. मी त्रेपन्न वर्षांचा आहे आणि माझ्या स्वप्नांत अजून गणिताचा पेपर असतो, तोही अभ्यास न झालेला. म्हटलं, आपणही उडून बघू. भाचा म्हणाला, "मामा, दिवसातून दहा वेळा तपासायचं, आपण जागे आहोत की स्वप्नात. सवय लागली की स्वप्नातही हात आपोआप तेच करतो."

एक तपासणी अशी, की कुठलीही पाटी वाचायची, मान वळवायची आणि पुन्हा वाचायची. स्वप्नात मजकूर बदलतो म्हणे. मी फलाटावरच्या इंडिकेटरकडे तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा वेगळी गाडी. या हिशेबानं मी एकोणतीस वर्षं झोपेतच आहे. राहिली नाकाची तपासणी. तोंड मिटून, नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघायचा. जागेपणी जात नाही. स्वप्नात जातो, कारण खरं नाक तिकडे उशीवर मोकळं असतं.

तर चौथी सीट मिळाली होती. चौथी सीट ही सीट नव्हे, तीन जणांनी केलेली दया आहे. अर्धं शरीर बाकावर, उरलेलं पॅसेजच्या मालकीचं. घाटकोपर गेलं आणि डोळा लागला. पूर्ण नाही, तो मधला पातळ पापुद्रा असतो ना, तेवढाच. आधी हिरवे चौकोन आले, मग एक जिना, मग कुणीतरी नारळ सोलतंय, आणि मग आईच्या आवाजात स्पष्ट हाक. या चित्रांना १८४८ मध्ये अल्फ्रेड मोरी या फ्रेंच माणसानं हिप्नॅगॉजिक असं भारदस्त नाव दिलं. आपल्याकडे पेंग म्हणतात.

या पेंगेला मोठमोठ्यांचा आश्रय आहे. चित्रकार साल्वादोर दाली हातात जड किल्ली धरून खुर्चीत बसायला सांगतो, खाली थाळी उपडी ठेवलेली. डोळा लागला की किल्ली पडते, थाळी वाजते, आणि माणूस ताजं चित्र घेऊन जागा होतो. लोकलमध्ये किल्ली लागत नाही, शेजाऱ्याचं कोपर पुरतं. २०२१ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी १०३ जणांना एक आकड्यांचं कोडं दिलं, त्यात एक छुपी युक्ती होती. मध्ये हातात पेला देऊन आरामखुर्चीत वीस मिनिटं विश्रांती. ज्यांना पंधरा सेकंद तरी अशी पातळ झोप लागली, त्यांतल्या ८३ टक्क्यांना युक्ती सापडली. जागे राहिलेल्यांत ३० टक्के. आमच्या डब्यात रोज इतके लोक पेंगतात, पण त्यांना आरामखुर्ची कोण देतो?

कोपर लागलं, मी दचकलो. आईचा आवाज कानात होता, समोर एक जण कंगव्यानं बंद पंखा फिरवत होता. हे खरं की स्वप्न, मला कळेना. मी नाक दाबलं.

"काय झालं?" तिसऱ्या सीटवरचे गृहस्थ.

"काही नाही."

"नाही, नाक का दाबलंत?"

"असंच."

"असंच कुणी नाक दाबत नाही हो. तीन पिशव्यांत बांधलंय मी."

मी खाली पाहिलं. त्यांच्या दोन्ही पायांमध्ये एक पिशवी, तिच्या कानांना सुतळीच्या दोन गाठी.

"सोडे आहेत," ते म्हणाले. "बहिणीनं अलिबागहून पाठवलेत. सोड्याचा भाव माहितीय का काय झालाय?"

खरं सांगतो, तोपर्यंत मला कसलाही वास आला नव्हता. त्यांनी म्हटल्यावर यायला लागला.

"अहो, मी स्वतः खातो," मी म्हणालो. "दर बुधवारी बोंबील."

"मग दाबलंत कशाला?"

"मी बघत होतो, हे स्वप्न आहे का."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाले, "चौथ्या सीटवर बसून तुम्हाला हे स्वप्न वाटतंय?"

सगळा कप्पा हसला. इथवर ठीक होतं, मीही हसलो असतो. पण खिडकीतला खाकी शर्टवाला, मुंबईपासून मोबाइलमधून वर न बघितलेला, आत्ताच जागा झाला. "बरोबर आहे साहेबांचं! पब्लिक डब्यात हे असलं आणायचंच कशाला?" साहेब म्हणजे मी. मला कार्यकर्ता मिळाला होता.

मी म्हणालो, "तसं नाही." तो म्हणाला, "तुम्ही घाबरू नका, बोला." एक जण म्हणाला, तुपाची पिशवी चालते, मग सोडे का नाही? दुसरा म्हणाला, आमच्या बिल्डिंगमध्ये तर भाड्यानं जागाच देत नाहीत मासे खाणाऱ्यांना. हे त्यानं माझ्याकडे बघून म्हटलं, जणू नियम मीच केला. माझ्या नाकावरून दोन पक्ष पडले आणि मी चुकीच्या पक्षाचा अध्यक्ष झालो. रोजच्या सोबत्याला मी डोळ्यांनी डावीकडे-उजवीकडे खुणा केल्या. १९७५ मध्ये इंग्लंडात हल इथं कीथ हर्न यांच्या प्रयोगात झोपलेल्या माणसानं अशाच आधी ठरवलेल्या खुणा करून स्वप्नाच्या आतून कळवलं होतं, मी इथं आहे, मला समजतंय. झोपेत बाकी स्नायू ढिले पडले तरी डोळे हलतात. तिथं यंत्रानं खुणा टिपल्या. आमच्या सोबत्यानं इअरफोन घातले.

गृहस्थ डोंबिवलीला उतरले. उतरताना पिशवी छातीशी धरली होती, लहान मूल धरावं तशी. ते मला अजून डाचतंय. त्यांना मी कोण वाटलो असेन, हे मला नीट माहीत आहे, कारण तशी माणसं मलाही भेटली आहेत आणि त्यांनाही मी कधी उत्तर दिलेलं नाही.

त्या रात्री डोळे मिटले की सोडे. वरून एक-एक पडतायत, वळतायत, खाली रचले जातायत. तासन्‌तास टेट्रिस खेळलेल्यांना झोप लागताना ठोकळे पडताना दिसतात, हे अमेरिकेत २००० साली तपासून झालंय. त्यांत स्मरणशक्ती गेलेलेही होते. खेळलो हे त्यांना आठवत नव्हतं, ठोकळे मात्र दिसत होते. मला दोन्ही.

आणि चौथ्या दिवशी पहाटे जमलं. गाडी, पंखा, कंगवा. मी नाक दाबलं आणि श्वास गेला, गार, आरपार. स्वप्न आहे! आता उडायचं. दार उघडं होतं, बाहेर खाडी चमकत होती. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "परत?"

चार दिवस दाढी करताना मी त्यांच्यासाठी एक उत्तर घोटून ठेवलं होतं. ते न देता मी म्हणालो, "सॉरी हो, तसं नाही," आणि समजावत बसलो, गजर होईपर्यंत. पिशवी या वेळी माझ्या मांडीवर होती. स्वप्न माझं, गाडी माझ्या डोक्यातली, बाक मीच मांडलेले, आणि मी चौथ्याच सीटवर. खिडकीत तो खाकी शर्टवाला बसला होता. त्याला तिथं कुणी बसवला?